गजर लावून पाहावयाचा खेळ

बेंगळुरूच्या कोरमंगला भागात डिसेंबर-जानेवारीतील पहाट चांगलीच गार असते. ऐंशी फुटी रस्त्यावर दूध व वर्तमानपत्रे पोहोचविणाऱ्यांखेरीज फारशी हालचाल नसते. दर्शिनीतील फिल्टर कॉफीचा पहिला दरवळ नुकताच रस्त्यावर येऊ लागलेला असतो. अशा वेळी एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून एकाएकी आरोळी ऐकू आली, तर नवख्या माणसाने दचकून जाण्याचे कारण नाही. तेथे कोणी तरी बॉस्टनचा अथवा न्यूयॉर्कचा बास्केटबॉल सामना थेट पाहत असतो, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचे, म्हणजेच एनबीएचे, सामने भारतातून पाहावयाचे तर पहिली गाठ पडते ती घड्याळाशी. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा झालेले असतात. पश्चिम किनाऱ्यावरील संध्याकाळचे सात म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथील घड्याळे तासभर पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येतात. त्या उन्हाळी काळात हेच सामने आपल्याला अनुक्रमे पाच व साडेसात वाजता गाठावे लागतात. ऑस्ट्रेलियातील कसोटी सामन्यांसाठी पहाटे रजई गुंडाळून दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या पिढ्यांना यात विशेष नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की तो दौरा महिना-दीड महिन्याचा असे. एनबीएमध्ये तीस संघ आहेत, प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो आणि ऑक्टोबर ते एप्रिल या काळात एकूण १,२३० सामने होतात. त्यानंतर जूनपर्यंत बाद फेऱ्या चालतात. एवढ्या सामन्यांसाठी गजर लावणारा मनुष्य संसारात व नोकरीत फार काळ टिकणे अवघड! तेव्हा काय पाहावे, कशावर पाहावे आणि त्यासाठी किती मोजावे, याचा थोडा विचार आधीच केलेला बरा.

आधी खेळणे, मग पाहणे

आपल्याकडे या खेळाचा क्रम एके काळी नेमका उलटा होता. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने, बर्फाळ हवेत मुलांना घरात खेळता यावे म्हणून, सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या अडकवून हा खेळ जन्मास घातला. तो भारतात आला वायएमसीएच्या शाखांतून आणि मिशनरी शाळांतून. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत क्लिफर्ड मॅन्शार्ट या, अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यकर्त्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभे केले. पुढे १९३६ मध्ये याच मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखाली, याच वास्तूत, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा आरंभ झाला, ही गोष्ट अनेकांस ठाऊक असते. त्याच परिसरातील मुलांनी बास्केटबॉल आपलासा केला, हे मात्र क्रीडाप्रेमीच सांगतात. नागपाड्याचे अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले व १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला.

या मुलांनी अमेरिकेतील व्यावसायिक सामना थेट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. चेंडू हाती आला, मैदान मिळाले, म्हणून ते खेळले. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या केबलच्या तारेवरून घरात आल्या आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांच्यासारखे व्यावसायिक खेळाडू प्रथमच अमेरिकेकडून उतरले, तेव्हा चित्र पालटले. आता मुले प्रथम पाहू लागली आणि पाहून खेळू लागली. कोरमंगलातील आजचा प्रेक्षक बहुतांशी याच दुसऱ्या पिढीचा आहे. त्यात पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून नोकरीनिमित्त येथे आलेले संगणक अभियंते आहेत, तसेच बदलीवर आलेले बँकांतील अधिकारीही आहेत.

वाहिनी, वर्गणी आणि महाजाल

दूरचित्रवाणीच्या वाहिनीवर सामना दिसणे हा आजही सर्वांत सोपा मार्ग. परंतु तो दरवर्षी त्याच ठिकाणी सापडेल असे गृहीत धरता येत नाही. प्रक्षेपणाचे हक्क ठरावीक वर्षांसाठी विकले जातात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या सोनी सिक्स या वाहिनीने अनेक वर्षे एनबीएचे सामने भारतात दाखविले. (कोरमंगलातील एका गजबजलेल्या चौकाला तेथील दुकानावरून ‘सोनी वर्ल्ड सिग्नल’ असे नाव पडले आहे, त्याचा व या वाहिनीचा संबंध केवळ नावापुरता.) २०२१ मध्ये हे हक्क वायाकॉम १८ या समूहाकडे गेले. मागील वर्षी ज्या वाहिनीचा संच घेतला, त्याच संचावर विसंबून ऑक्टोबरात निराश होणारे प्रेक्षक दर हंगामात भेटतात. हंगामाचा पहिला सामना होण्यापूर्वी एनबीएच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘भारत’ हा प्रदेश निवडून त्या वर्षीची व्यवस्था पाहून घेणे, हाच खात्रीचा उपाय.

दुसरा मार्ग संघटनेच्या स्वतःच्या वर्गणीचा. ‘एनबीए लीग पास’ ही सेवा महाजालाद्वारे सामने थेट दाखविते, शिवाय झालेले सामने सवडीने पुन्हा पाहू देते. अमेरिकेतील वर्गणीदारांना आपल्या गावच्या संघाचे सामने या सेवेवर थेट पाहता येत नाहीत, कारण ते हक्क स्थानिक वाहिन्यांकडे असतात. आपण बारा-तेरा हजार किलोमीटर दूर आहोत याचा येथे चक्क फायदा होतो. सॅक्रामेंटोत राहणाऱ्या भाच्याला त्याच्याच गावचा जो सामना या वर्गणीवर दिसत नाही, तो मामाला कोरमंगलात दिसू शकतो! मात्र भाच्याशी त्या वेळी संदेशांची देवाणघेवाण टाळावी. महाजालावरून येणारे चित्र प्रत्यक्ष घटनेच्या, आणि पुष्कळदा दूरचित्रवाणीच्याही, अर्धा-पाऊण मिनिट मागे असते. आपल्या पडद्यावर चेंडू अजून हवेत असतो आणि भ्रमणध्वनीवर ‘जिंकलो!’ असा संदेश येऊन पडतो. त्या एका शब्दाने पहाटेच्या दोन तासांच्या जागरणावर पाणी फिरते.

थेट पाहण्याचे मोल या अर्ध्या मिनिटातच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. निकाल ठाऊक झालेला सामना म्हणजे शिळी बातमी. त्यातील कौशल्य दिसते, पण हुरहूर उरत नाही. ज्यांना पहाटे उठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी लीग पासमध्ये गुणसंख्या लपविण्याची सोय आहे. ती चालू करावी, दिवसभर क्रीडावृत्तांकडे पाहू नये आणि रात्री जेवणानंतर सामना लावावा. कार्यालयातील एखादा उत्साही सहकारी दुपारच्या डब्याच्या वेळी निकाल सांगून टाकणार नाही, याची हमी मात्र कोणतीही सेवा देऊ शकत नाही.

तांत्रिक बाजूविषयी थोडेसेच. उत्तम दर्जाचे चित्र तासाला दोन ते तीन गिगाबाइट माहिती ओढते व सामना सव्वादोन तासांच्या आसपास चालतो. भ्रमणध्वनीच्या दैनिक दीड-दोन गिगाबाइटच्या योजनेवर तो पूर्ण होणे कठीण. घरची वायर-जोडणीच हवी. वीज गेली तरी राऊटर चालू राहील असा लहानसा बॅटरी-संच सोबत असावा. पश्चिम किनाऱ्यावरील सामने आपल्या कार्यालयाच्या वाटेवरच सुरू होतात. सिल्क बोर्डच्या चौकात बसमध्ये अडकलेल्या प्रवाशाला हा वेळ सत्कारणी लावता येतो. स्वतः वाहन चालविणाऱ्याने मात्र हा मोह निश्चयाने टाळावा.

वर्गणी भरताना

ग्राहकांकडून याविषयी बऱ्याच शंका विचारल्या जातात, म्हणून दोन गोष्टी येथे सांगणे उचित होईल. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नवे कार्ड हाती येते तेव्हा ते देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रापुरतेच चालू असते. महाजालावरील आणि परदेशी व्यवहारांची मुभा ग्राहकाने स्वतः द्यावी लागते. परदेशी सेवेची वर्गणी भरताना कार्ड नाकारले गेले, तर पुष्कळदा कारण एवढेच असते. मुभा देताना व्यवहाराची मर्यादाही ठरवून घेता येते. वर्गणी जेवढी असेल त्याच्या आसपासच ती ठेवावी. रक्कम परकीय चलनात आकारली जात असेल, तर विनिमय दरावरील अधिभार व त्यावरील कर धरून अंतिम आकडा थोडा वाढतो. रुपयांत भरण्याचा पर्याय असल्यास दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गणीबाबत १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेले नियम ग्राहकाच्या हिताचे आहेत. रक्कम वळती होण्यापूर्वी किमान २४ तास बँकेकडून सूचना आली पाहिजे, आणि ती आल्यावर ग्राहकाला तो व्यवहार थांबविता येतो. अतिरिक्त पडताळणीविना वळत्या होणाऱ्या रकमेची मर्यादा आरंभी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली. जूनमध्ये हंगाम संपतो आणि वर्गणी मात्र ऑक्टोबरात निमूटपणे नव्याने सुरू होते. तेव्हा ती सूचना न वाचता पुसून टाकण्याची सवय महागात पडू शकते.

याहून गंभीर बाब फुकट सामना दाखविण्याचे आमिष देणाऱ्या संकेतस्थळांची. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचे हक्क संरक्षित आहेत, हा एक भाग झाला. ग्राहकाच्या दृष्टीने अधिक चिंतेची गोष्ट अशी, की अशा ठिकाणी ‘सामना पाहण्यासाठी हे ॲप उतरवून घ्या’ असे सांगून भ्रमणध्वनीत जे शिरते, ते संदेशांतून येणारे ओटीपी वाचू शकते. अधिकृत भांडारांव्यतिरिक्त, कोणी पाठविलेल्या दुव्यावरून आलेले ॲप उतरवून घेऊ नये. अंतिम सामन्याच्या पहाटे, घाईच्या भरात, नेमकी हीच चूक होते. आणि खाते रिकामे झाल्याचे लक्षात येईपर्यंत सामना संपलेला असतो. तसे काही घडलेच, तर बँकेला व १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीला तत्काळ कळवावे. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

पहाट नको असेल तर

कोरमंगला हे बेंगळुरूतील उपाहारगृहांचे व पबचे माहेरघर. तेथील मोठ्या पडद्यांवर क्रिकेट व युरोपीय फुटबॉल रंगते. परंतु अमेरिकेचा सामना सुरू होतो तेव्हा ही दारे बंद असतात, आणि ती उघडतात तेव्हा खेळाडू झोपलेले असतात. अपवाद नाताळाचा. २५ डिसेंबरला एनबीएचे पाच सामने ओळीने ठेवण्याचा प्रघात आहे व त्यांतील पहिला न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो. मित्रमंडळींनी एकत्र बसून पाहण्यास वर्षातील यासारखा दुसरा दिवस नाही.

ज्यांना बास्केटबॉल हवा आहे पण पहाट नको आहे, त्यांनी अन्य देशांकडेही पाहावे. मेलबर्नमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा ऑस्ट्रेलियाच्या लीगचा सामना आपल्याकडे दुपारी दोनला दिसतो; जपानमधील सायंकाळी सातचा सामना दुपारी साडेतीनला. युरोलीगचे सामने मात्र हिवाळ्यात मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास येतात. ते रात्रपाळी करणाऱ्यांसाठीच योग्य. अमेरिकेतील महिलांची डब्ल्यूएनबीए ही स्पर्धा १९९७ पासून खेळली जाते. ती मे ते ऑक्टोबर या काळात होत असल्यामुळे पुरुषांच्या हंगामातील पोकळी बरोबर भरून निघते. राष्ट्रीय संघांच्या लढती पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाची ‘कोर्टसाइड १८९१’ ही सेवा आहे. तिच्या नावातील सालाचा उलगडा वाचकांस वर झालाच आहे.

चोवीस सेकंदांचा हिशेब

प्रथमच पाहणाऱ्यास बास्केटबॉल म्हणजे नुसती धावपळ वाटते. एक आकडा ध्यानात ठेवला तर ती धावपळ समजू लागते. तो आकडा चोवीस. चेंडू ताब्यात आल्यापासून चोवीस सेकंदांत तो टोपलीकडे टाकलाच पाहिजे, असा नियम आहे. १९५४ पूर्वी तसा निर्बंध नव्हता, आणि आघाडी घेतलेला संघ चेंडू नुसता खेळवत वेळ काढीत असे. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन व मिनियापोलिस यांच्यातील सामना १९–१८ असा संपला. एवढी कमी गुणसंख्या एनबीएत पुन्हा कधी झाली नाही. प्रेक्षक कंटाळून घरी जाऊ लागले. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायझोन यांनी मग एक सरळ हिशेब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार केला, उत्तर आले चोवीस. आपल्या बँकिंग व्यवसायातील माणसाला असा हिशेब मनापासून आवडावा! एका भागाकाराने एक अख्खा खेळ वाचला.

अमेरिकेतील सामना ४८ मिनिटांचा व आंतरराष्ट्रीय सामना ४० मिनिटांचा असतो; तेथे सहाव्या फाउलला खेळाडू बाद होतो, इतरत्र पाचव्या. शेवटची दोन मिनिटे पंधरा मिनिटे चालतात, त्याचे कारणही समजून घ्यावे. पिछाडीवरील संघ मुद्दाम फाउल करून घड्याळ थांबवितो, प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो टाकावयास लावतो आणि चेंडू परत मिळविण्याची संधी शोधतो. त्यातच प्रशिक्षक टाइम आउट मागत राहतात. ज्यांना सहाला उठणे जमत नाही, त्यांनी साडेसातला उठून केवळ चौथे सत्र पाहिले तरी सामन्याचा गाभा हाती लागतो. दररोज अर्धवट झोपेत चार सत्रे पाहण्यापेक्षा हा मार्ग लेखकाला अधिक शहाणपणाचा वाटतो. घरातील इतरांनाही तो मानवतो.

मुंबईत भेटलेले दोन संघ

तीस संघांतून कोणाचा पाठलाग करावा, असे अनेक जण विचारतात. मराठी वाचकासाठी दोन नावे सहज सुचतात. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स यांच्यात दोन सामने झाले. भारतभूमीवर झालेले हे एनबीएचे पहिलेच सामने. पहिल्या सामन्याला मुंबईच्या शाळांतील सुमारे तीन हजार मुलामुलींना निमंत्रण होते. तो जादा वेळेत पेसर्सने १३२–१३१ असा एका गुणाने जिंकला. दुसरा त्यांनी १३०–१०६ असा सहज घेतला. हंगामपूर्व सामन्यांचे निकाल गुणतक्त्यात धरले जात नाहीत, ही गोष्ट त्या शाळकरी प्रेक्षकांच्या गावीही नसावी.

किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा परकीय चलन मिळविण्यासाठी त्यांना रिझर्व्ह बँकेत खटपट करावी लागली होती. परकीय चलनाच्या त्या तुटवड्याच्या काळातील अर्जांचे गठ्ठे पाहिलेल्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावयास नको. पुढे रणदिवे यांनी शेअर बाजारातील व बँकांतील माहिती क्षणाक्षणाला संगणकाच्या पडद्यावर आणणारी प्रणाली विकसित केली, टिब्को ही कंपनी स्थापन केली, आणि २०१३ मध्ये किंग्ज संघ विकत घेतला. तो सिअ‍ॅटलला हलविण्याची बोलणी त्या वेळी चालू होती. रणदिवे यांच्यामुळे संघ सॅक्रामेंटोतच राहिला. माहिती ज्या क्षणी घडते त्याच क्षणी पोहोचली पाहिजे, हा ज्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय, त्यांच्या संघाचा घरचा सामना आपल्याकडे सकाळी साडेआठच्या सुमारास, नेमका कार्यालयास निघण्याच्या वेळी सुरू व्हावा, हा योगायोग गमतीचा खरा. याच संघाकडून एप्रिल २०१५ मध्ये सिम भुल्लर हा कॅनडात जन्मलेला खेळाडू उतरला. एनबीएत खेळणारा तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. त्याच वर्षी पंजाबच्या सतनाम सिंग याची डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवड केली. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ती पहिली निवड होय.

मुंबईतील त्या दोन संघांची कथा पुढेही एकमेकांत गुंतत गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्यात खेळाडूंची मोठी अदलाबदल झाली: डोमांटास साबोनिस किंग्जकडे गेला, टायरिस हॅलिबर्टन पेसर्सकडे आला. साबोनिसच्या बळावर किंग्जने २०२२–२३ मध्ये सोळा हंगामांचा दुष्काळ संपवून बाद फेरी गाठली. हॅलिबर्टनने पेसर्सला जून २०२५ मध्ये थेट अंतिम फेरीत नेले. ओक्लाहोमा सिटीविरुद्धची ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. भारतात तो सामना सोमवारी, २३ जूनला, पहाटे साडेपाचला सुरू झाला. पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या पायाचा स्नायुबंध तुटला आणि पेसर्स हरले. आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, डोळ्यांत अपुरी झोप आणि मनात ही खंत, अशा स्थितीत त्या सकाळी बेंगळुरूत कितीकांनी संगणक उघडले असतील, याची कल्पना करता येते.

प्रत्यक्ष प्रेक्षागृहात

पडद्यावरील सामना कितीही स्पष्ट दिसला, तरी खेळाडूंची उंची, बुटांची करकर आणि चेंडू जाळीतून जाताना होणारा आवाज यांची कल्पना प्रत्यक्षातच येते. भारताबाहेर त्यासाठी सर्वांत जवळचे ठिकाण अबू धाबी. ऑक्टोबर २०२२ पासून दरवर्षी तेथील यास बेटावरच्या एतिहाद अरेनात दोन एनबीए संघांचे सामने होत आले आहेत. २०२५ मध्ये न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया हे संघ आले होते. बेंगळुरूहून विमानाने चार तासांचा प्रवास. तेही हंगामपूर्व सामनेच, त्यामुळे नामांकित खेळाडू उत्तरार्धात बाकावर बसून राहण्याची शक्यता गृहीत धरूनच तिकीट काढावे.

मुलामुलींकडे अमेरिकेत सहा महिने राहावयास जाणाऱ्या आईवडिलांना मात्र खरा हंगाम पाहता येईल. मंगळवार-बुधवारचे सामने व वरच्या रांगेतील जागा तुलनेने स्वस्त असतात. तिकिटे भ्रमणध्वनीवरच मिळतात आणि मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा चकली-चिवड्याचा डबा घरीच ठेवावा लागेल. बँकेशी संबंध असलेल्या वाचकाचे मन तेथे आणखी एका कारणाने रमेल. सॅन फ्रान्सिस्कोतील क्रीडागृहाला चेस बँकेचे नाव, बॉस्टनला टीडी बँकेचे, ब्रुकलिनला बार्कलेज बँकेचे. आणि २०१६ मध्ये उघडलेले किंग्जचे घर ‘गोल्डन १ सेंटर’ हे नाव मिरविते ते एका क्रेडिट युनियनचे, म्हणजे आपल्याकडील पतसंस्थेच्या जातकुळीतील सभासदांच्या संस्थेचे. पतसंस्थेच्या नावाचे एवढे मोठे क्रीडागृह पाहून आपल्याकडील सहकारी चळवळीतील मंडळी हरखून जातील.

आणि विमानाचे तिकीट न काढता उच्च दर्जाचा बास्केटबॉल पाहावयाचा असेल, तर कोरमंगलाच्या रहिवाशांनी स्वतःच्या परिसराकडेही पाहावे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले इनडोअर स्टेडियम येथेच आहे. खेळाडूंसाठी उभारलेली वसाहत आजही ‘नॅशनल गेम्स व्हिलेज’ या नावाने ओळखली जाते. शहराच्या मध्यभागी कब्बन उद्यानाजवळ श्री कंठीरव इनडोअर स्टेडियम आहे. जुलै २०१७ मध्ये महिलांची आशिया चषक स्पर्धा बेंगळुरूत झाली, तेव्हा ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५–७३ असे दोन गुणांनी हरवून ‘अ’ गटात प्रवेश मिळविला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. सप्टेंबर २०१९ मध्ये हीच स्पर्धा पुन्हा बेंगळुरूत आली. त्या वेळी भारत आठ संघांत आठवा राहिला. परंतु जपान व चीन यांच्यातील ७१–६८ असा संपलेला अंतिम सामना येथील प्रेक्षकांनी डोळ्यांसमोर पाहिला. मुंबईच्या डोममध्ये किंग्ज व पेसर्स उतरण्यास तेव्हा अवघे काही दिवस उरले होते, आणि वर्तमानपत्रांतील चर्चा बहुतेक त्यांचीच होती.

राज्य व राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धांच्या तारखा कर्नाटक राज्य बास्केटबॉल संघटनेकडे कळू शकतात. सामने बहुधा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात, व शनिवार-रविवारी मुलांना घेऊन जाण्यास सोयीचे पडतात. पुढे बसावयास मिळाल्यास शॉट क्लॉकचा आकडा टोपलीच्या वर कोठे असतो, ते मुलांना आधी दाखवावे.